सोलापूरच्या मागावरचा ठोका: शेडिंग टॅपेट, स्प्लाइन आणि ०.१ मिमी

धोट्याचा जुना यंत्रमाग, साध्या विणीचं सुती कापड, वेग मिनिटाला १६० पिक, म्हणजे १६० आडवे धागे. सोलापूरच्या पूर्व भागात असे माग अजून चालतात आणि त्यांचे सुटे भाग गावातच होतात. या मागावरची शेडिंगची दोन टॅपेटं झिजली. टॅपेट म्हणजे फिरताना ट्रेडल या दांड्यावरचा रोलर दाबून हिल्ड, म्हणजे ताण्याचे धागे धरणारी चौकट, वर-खाली करणारी असमान चकती; त्यातून धोट्याला उघडणारी वाट म्हणजे शेड. आधी जुन्या टॅपेटचाच पॅटर्न (साच्याचा नमुना) म्हणून वापर करून बिडाची नक्कल ओतून घेतली. ती बसवल्यावर माग चालला, पण ट्रेडलचा आवाज वाढला. मग खर्च करून टॅपेट ‘कंप्युटरवर’ करून घेतलं. जुन्या टॅपेटची त्रिज्या दर ५ अंशाला मोजली, ते ७२ बिंदू कॅडमध्ये (संगणकावरच्या ड्रॉइंगमध्ये) घातले, त्यांतून स्प्लाइन, म्हणजे प्रत्येक बिंदूतून जाणारी वळणदार रेषा, ओढली आणि व्हीएमसीवर (संगणकाने चालणाऱ्या मिलिंग मशीनवर) प्रोफाइल कापलं. पृष्ठभाग गुळगुळीत निघाला, बोअर (शाफ्टचं भोक) नेमकं निघालं, आणि माग ओतीव नकलेपेक्षाही जास्त ठोकू लागला. १४० पिकला ठीक, १६० ला कुरकुर, १८० ला हिल्डचे चामडी पट्टे तुटायला सुरुवात.

अचूक मशीनवर कापलेला भाग हाताने घासलेल्या ओतीव भागापेक्षा वाईट का चालावा, हा या प्रकरणाचा प्रश्न आहे. उत्तर मशीनमध्ये नाही. मशीनने दिलेलं काम इमानाने केलं. चूक तिला दिलेल्या रेषेत होती.

पुढची मापं या प्रकरणापुरती ठरवून घेतली आहेत. आपल्या मागाची मापं घालून गणित पुन्हा करावं, पद्धत तीच राहते.

टॅपेटकडून मागाला काय हवं असतं

साध्या विणीत दोन पिकांत एक आवर्तन पुरं होतं, म्हणून ही टॅपेटं क्रँक शाफ्टच्या निम्म्या वेगाने फिरणाऱ्या बॉटम शाफ्टवर असतात. १६० पिकला बॉटम शाफ्ट मिनिटाला ८० फेरे, म्हणजे सेकंदाला ४८० अंश. धोटा पार जाईपर्यंत शेड उघडी थांबायला हवी. हा थांबा पिकाच्या एक तृतीयांश धरला तर क्रँकचे १२० अंश, म्हणजे टॅपेटचे ६० अंश होतात. ३६० मधून दोन थांब्यांचे ६० अधिक ६० वजा केले की चढायला १२० आणि उतरायला १२० अंश मिळतात. टॅपेटची चाल, म्हणजे रोलर किती हलतो ते, ५० मिमी. चढाईला लागणारा वेळ १२० भागिले ४८०, म्हणजे पाव सेकंद.

मूळ त्रिज्या ४५ मिमी, रोलरची त्रिज्या २५ मिमी, त्यामुळे रोलरच्या केंद्राचं सर्वांत कमी अंतर ७० मिमी आणि सर्वांत जास्त १२० मिमी. ट्रेडलच्या खिळीपासून रोलरपर्यंत ३८० मिमी.

दोन्ही हिल्ड्स पूर्ण बरोबरीत येण्याचा क्षण या मागावर क्रँकच्या ३३० अंशांवर ठेवला आहे (फणी ठोकते तो शून्य). म्हणजे थांबा ९० पासून २१० अंशांपर्यंत. शेड आधी बंद केली तर कापड भरदार दिसतं, पण धोटा बाहेर पडताना घासतो. उशिरा केली तर उलट. हा निर्णय कापड बघून घ्यायचा असतो. टॅपेट बनवणाऱ्याला तो आधी सांगितला नाही तर तो जुन्या भागावरची सेटिंगची चूकसुद्धा नकलेत उतरवतो.

नव्या टॅपेटवरचे चकचकीत पट्टे

व्हीएमसीवरचं टॅपेट पंधरवडाभर चालवून उतरवलं आणि तिरप्या उजेडात धरलं, की चढाईच्या अंगावर आडवे चकचकीत पट्टे दिसतात. सलग नाहीत. तीन-चार पट्टे, मग साधा राखाडी पृष्ठभाग, मग पुन्हा दोन-तीन. त्यांच्यातलं अंतर मोजलं तर सुमारे १२ मिमी. त्या ठिकाणी त्रिज्या साधारण ७० मिमी आहे, तेव्हा १२ मिमी म्हणजे जवळपास १० अंश.

१० अंश म्हणजे मोजणीच्या ५ अंशांच्या टप्प्याची दुप्पट. इथेच गाठ सुटते. एक बिंदू जरा वर मोजला गेला, पुढचा जरा खाली, त्यापुढचा पुन्हा वर. स्प्लाइन प्रत्येक बिंदूतून जाणारच, म्हणून तिने दोन टप्प्यांत एक पूर्ण लाट घातली. मोजणीतल्या चुका सगळीकडे अशा आळीपाळीने येत नाहीत, म्हणून पट्टेही तुकड्यातुकड्यांत आहेत. झिजेमुळे असे पट्टे पडत नाहीत. झीज लांबवर पसरते.

०.१ मिमी: किती आहे यापेक्षा किती वेळा येतं

व्हर्नियर हाइट गेज आणि डिव्हायडिंग हेड (भाग नेमक्या कोनात फिरवणारं साधन) घेऊन साध्या वर्कशॉपमध्ये मोजलं तर वर-खाली ०.१ मिमीची चूक सहज येते. ५० मिमीच्या चालीत ०.१ मिमी कुणाच्या डोळ्यांतही येत नाही. पण रोलरला जाणवतो तो त्वरणाचा धक्का, आणि त्वरणात वारंवारतेचा वर्ग येतो.

०.१ मिमी उंचीची लाट दर १० अंशांनी येत असेल तर सेकंदाला ४८ लाटा. कोनीय वारंवारता सेकंदाला ३०१.६ रेडियन, तिचा वर्ग सुमारे ९१,०००. त्याला ०.०००१ मीटरने गुणलं की ९.१ मीटर प्रति सेकंद वर्ग.

आता मूळ गतीकडे बघा. जुनं टॅपेट साध्या आवर्त गतीचं होतं. ५० मिमी पाव सेकंदात चढवताना त्या गतीचं सर्वांत मोठं त्वरण ३.९५ निघतं. म्हणजे मोजणीच्या चुकीतून आलेलं त्वरण टॅपेटच्या स्वतःच्या त्वरणाच्या दुपटीहून जास्त. मागाला टॅपेटपेक्षा हाइट गेजचा हात जास्त जाणवत होता.

याच्या शेजारी दुसरी चूक ठेवू. बोअर ०.१ मिमीने केंद्राबाहेर गेलं तर तीही ०.१ मिमीचीच चूक, पण फेऱ्यात एकदाच येते. तिचं त्वरण ०.००७ मीटर प्रति सेकंद वर्ग. माप तेवढंच, परिणाम जवळपास तेराशेपट कमी, कारण ३६ चा वर्ग १२९६. ड्रॉइंगवर नुसतं ‘प्रोफाइल ±०.१’ लिहिलं की या दोन्ही चुका सारख्याच पास होतात. आमच्या मते असं टॉलरन्स टॅपेटला अर्धवट आहे.

ओतीव नक्कल कमी का ठोकत होती तेही यातूनच कळतं. ती चुकीची होतीच. करडं बीड थंड होताना सुमारे १ टक्का आकसतं; जुना भागच पॅटर्न म्हणून वापरला तर आकुंचनाची भर कुठेच पडत नाही. ९५ मिमीची बाहेरची त्रिज्या ९४.०५ झाली आणि चाल ४९.५ मिमीवर आली. पण ओतल्यावर कारागिराने तिच्यावर ग्राइंडर आणि कानस फिरवली होती. कानस लांब असते, ती छोट्या लाटा आपोआप मारते आणि लांब पसरलेल्या चुका तशाच सोडते. लांब चुका मागाला फारशा बोचत नाहीत. छोट्या लाटा बोचतात, आणि व्हीएमसीने नेमक्या त्याच जपल्या.

स्प्लाइनबद्दल एक गैरसमज इथे दूर करावा लागेल. क्यूबिक स्प्लाइनला उतार आणि वक्रता दोन्ही सलग असतात, म्हणून ती ‘स्मूथ’ असं कॅडमध्ये शिकवलं जातं. सलग असणं आणि डौलदार असणं वेगळं. वक्रता तुटत नसेल, पण शंभर वेळा वर-खाली होत असेल, तरी ती सलगच. हे पाहण्याचं साधन जवळपास प्रत्येक कॅडमध्ये आहे: वक्ररेषेवर उभ्या काड्यांनी वक्रता दाखवणारा आलेख. त्याला वक्रतेची फणी म्हणू. चांगल्या टॅपेटच्या फणीची टोकं जोडली तर एक शांत चढउतार दिसतो. या स्प्लाइनची फणी दात मोडलेल्या फणीसारखी होती. कापण्याआधी दोन मिनिटं ती बघितली असती तर बिडाचा गोळा वाचला असता.

ठोका नेमका कुठे पडतो

त्वरण मोठं असलं म्हणून ठोका बसतोच असं नाही. रोलर टॅपेटपासून सुटला तर आणि परत आदळला तरच तो बसतो. म्हणून संपर्काचा हिशेब लागतो.

टॅपेट वरून ट्रेडल खाली दाबतं. ट्रेडलचं वजन त्याला टॅपेटपासून दूरच ओढतं. रोलरपाशी मोजलेलं ट्रेडलचं वस्तुमान ५ किलो धरलं तर हे ओढणं ४९ न्यूटन. रोलरला टॅपेटशी चिकटवून ठेवणारं बळ हिल्डच्या पट्ट्यातून येतं. शेड उघडी असताना ताण्याचे धागे हिल्डला ओढतात, तेव्हा बळ भरपूर असतं. हिल्ड्स बरोबरीत येतात तेव्हा धाग्यांची ओढ जवळपास संपते आणि पट्टा बांधताना दिलेला ताणच उरतो. तो १२० न्यूटन धरू. त्यातून ४९ वजा, उरले ७१. यापलीकडे रोलर सुटतो.

७१ भागिले ५ किलो, म्हणजे १४.२ मीटर प्रति सेकंद वर्ग. १० अंशांच्या लाटेसाठी १६० पिकला हे ०.१५६ मिमी उंचीला गाठलं जातं. तेव्हा ०.१ मिमीच्या लाटेला अजून वाव आहे असं वाटेल. तो वाव दुसरीच गोष्ट खाते.

या मागावर हिल्ड वर नेणारी स्प्रिंग नाही. वर एक उलट फिरणारा रोलर आहे. एक हिल्ड खाली गेली की पट्ट्याने दुसरी वर खेचली जाते. म्हणून दोन टॅपेटं ही जोडी आहे. एक जितकं उतरेल तितकं दुसऱ्याने चढू द्यायला हवं, प्रत्येक अंशाला. मागची हिल्ड कापडाच्या तोंडापासून लांब असल्याने तिची चाल जास्त लागते, म्हणून वरच्या रोलरचे दोन व्यासही त्याच प्रमाणात असतात. ट्रेडलच्या लेव्हरचं प्रमाण धरून दोन्ही हिल्ड्सच्या चाली काढाव्यात, त्या व्यासांच्या प्रमाणात आणाव्यात, आणि मग बेरीज कायम राहते का ते तपासावं. ती बिघडली तर पट्टा एका ठिकाणी ताणतो आणि दुसऱ्या ठिकाणी सैल पडतो.

झिजलेल्या टॅपेटच्या अंगावर ०.८ मिमी झीज होती आणि तीही इमानाने नकलेत आली. पट्टा दोन्ही बाजूंना ५० न्यूटन प्रति मिमी इतका ताठ धरला तर एकामागे एक मिळून २५. ०.८ मिमी सैल पडलं की ताण २० न्यूटनने उतरतो. ७१ चे ५१ राहिले, सुटण्याची सीमा १०.२ वर आली, लाटेची मर्यादा ०.११२ मिमी. आता ०.१ ची लाट काठावरच आहे, आणि जिथे दोन-तीन बिंदू ०.१२ ने चुकले तिथे रोलर उडतो.

वेगाचा हिशेबही जुळतो. त्वरण वेगाच्या वर्गाने वाढतं. ०.१ मिमीची लाट १४० पिकला ७.०, १६० ला ९.१, १८० ला ११.५ देते. सीमा १०.२. जॉबरने (माग जुळवणाऱ्या मिस्त्रीने) कानाने सांगितलं होतं तेच, फक्त आकड्यांत.

दोन टॅपेटांमधला कोनही याच बेरजेत येतो आणि त्याकडे दुर्लक्ष फार होतं. ती एकमेकांपासून १८० अंशांवर हवीत. खाली निवडलेल्या प्रोफाइलमध्ये चालीच्या मध्यावर रोलर प्रत्येक रेडियनला ४४.८ मिमी हलतो, म्हणजे एका अंशाला ०.७८ मिमी. १ अंशाची चूक आणि सगळी झीज यांचा पट्ट्यावरचा परिणाम सारखाच. प्रोफाइल सोन्यासारखं करून दोन टॅपेटं वेगवेगळ्या सेटिंगमध्ये कापली तर सगळी मेहनत इथे वाया जाते.

नक्कल सोडून नवं प्रोफाइल

एवढं कळल्यावर ७२ बिंदू गुळगुळीत करणारी स्प्लाइन वापरावी असा मोह होतो. कमी नियंत्रक बिंदूंची, पाचव्या घाताची बी-स्प्लाइन बसवली तर लाटा जातील, पण झीज राहील. मोजणीचा उपयोग वेगळा करावा. टॅपेटचं मूळ रूप माहीत आहे: थांबा, चढाई, थांबा, उतार. अनोळखी राशी फक्त मूळ त्रिज्या, चाल, चढाईची सुरुवात आणि चढाईचा कोन. या चार राशी न्यूनतम वर्ग पद्धतीने (फरकांच्या वर्गांची बेरीज सर्वांत कमी करून) बसवल्या की उरलेला फरक म्हणजे झीज अधिक मोजणीची चूक. त्यातून जुनं टॅपेट कुठे आणि किती खाल्लं गेलं ते कळतं. एवढंच काम त्या ७२ बिंदूंचं. नवं प्रोफाइल मागाच्या गरजेवरून काढायचं.

साधी आवर्त गती पुन्हा घेण्यात अर्थ नाही. थांबा संपताच तिचं त्वरण शून्यावरून ३.९५ वर उडी मारतं. रोलरच्या जागी मोजलेलं हिल्डचं वस्तुमान ७ किलो आणि पट्टा ५० न्यूटन प्रति मिमी धरला तर हिल्डची नैसर्गिक वारंवारता सुमारे १३.४ हर्ट्झ येते. या एका उडीने पट्टा अर्धा मिमी ताणतो आणि उसळीत १.१ मिमीपर्यंत जातो. जिवावर बेतणारं नाही, पण प्रत्येक पिकाला होतं.

सायक्लॉइडल गतीचं त्वरण दोन्ही टोकांना शून्य असतं, कमाल ५.०३. तीन-चार-पाच घातांच्या बहुपदीचंही टोकाला शून्य, कमाल ४.६२. त्वरण बदलण्याचा कमाल दर सायक्लॉइडमध्ये कमी आहे: १२६ विरुद्ध १९२ मीटर प्रति सेकंद घन. तरी इथे बहुपदी घ्यावी असं आमचं मत आहे, आणि कारण कारखान्याचं आहे. चढाईच्या पहिल्या १० अंशांत साधी आवर्त गती रोलरला ०.८५ मिमी हलवते, बहुपदी ०.२५, सायक्लॉइड फक्त ०.१९. सुरुवात जितकी बारीक, तितकी ती साध्या मशीनिंगच्या चुकीत हरवते. कागदावरचा फायदा बिडात उतरत नाही. शिवाय बहुपदीचा दाबकोनही (टॅपेटचा रेटा रोलरच्या चालीच्या दिशेशी करतो तो कोन) थोडा कमी.

सूत्र सोपं आहे. चढाईतला झालेला भाग ‘य’ (० ते १) धरला तर सरक म्हणजे ५० गुणिले (१० य चा घन, वजा १५ य चा चौथा घात, अधिक ६ य चा पाचवा घात). उतारासाठी हेच ५० मधून वजा. एकाची चढाई आणि दुसऱ्याचा उतार एकाच वेळी असल्याने बेरीज आपोआप कायम राहते, मागच्या हिल्डसाठी प्रमाण लावलं तरी.

दाबकोन: मध्यावर ४४.८ भागिले (७० अधिक २५), त्याचा कोन २५.२ अंश. ३० च्या आत आहे. वक्रता: चढाईत रोलरच्या केंद्राच्या मार्गाची सर्वांत लहान त्रिज्या सुमारे ७४ मिमी, त्यातून रोलरचे २५ वजा, टॅपेटवर ४९ मिमी. कुठेही टोक खाल्लं जात नाही. चढाईच्या सुरुवातीला अंग जवळपास सपाट होतं, त्रिज्या ३५० मिमीच्या पुढे जाते, पण आत वळत नाही. हे चांगलं, कारण खोलगट भाग नसल्याने कुठल्याही व्यासाच्या ग्राइंडिंग चाकाने तो घासता येतो.

एक दुरुस्ती विसरू नये. रोलर सरळ रेषेत हलत नाही, ३८० मिमीच्या कंसावर हलतो. पूर्ण चालीत ट्रेडल ७.५ अंश फिरतं आणि कंस सरळ रेषेपासून ०.८ मिमी बाजूला जातो. त्या त्रिज्येला तो जवळपास अर्धा अंश होतो. वरच्या बेरजेच्या हिशेबात अर्धा अंश म्हणजे ०.४ मिमी. म्हणून टॅपेटची रेषा काढताना रोलरची केंद्रं कंसावरच ठेवावीत आणि मग २५ मिमी आत लंब दिशेने ऑफसेट घ्यावा. त्रिज्येच्या दिशेने २५ वजा करणं ही नेहमीची चूक आहे. थांब्यात ती दिसत नाही, चढाईत दिसते.

संपर्काचा ताण थोडक्यात. रोलरवर ५०० न्यूटन, रुंदी २५ मिमी, पोलादी रोलर आणि बिडाचं टॅपेट धरून हर्ट्झचा कमाल दाब सुमारे १७३ मेगापास्कल. बीड हे आरामात पेलतं. पण खीळ झिजून रोलर तिरका झाला आणि फक्त ३ मिमीच्या काठावर टेकला तर हाच दाब ५०० वर जातो. म्हणून या प्रकरणात टॅपेटचं रंगीत एफईए चित्र (संगणकाने काढलेला ताणाचा नकाशा) काढण्यात वेळ घालवू नये. तो वेळ रोलरच्या खिळीला द्यावा.

सिम्युलेशन खोटं कधी बोलतं

दोन वस्तुमानांचं मॉडेल पुरतं: ट्रेडल, हिल्ड, मध्ये पट्टा, टॅपेटशी एकतर्फी संपर्क. पायथनमध्ये शंभरभर ओळी, एक्सेलमध्येही जमतं. मोठं मल्टिबॉडी सॉफ्टवेअर असेल तर बरंच, पण सापळे दोन्हीकडे तेच.

पहिला सापळा वेळेच्या टप्प्याचा. टप्पा ५ मिलिसेकंद ठेवला तर ४८ हर्ट्झच्या एका लाटेला जेमतेम चार बिंदू मिळतात आणि ठोका आलेखातून गायब होतो. अर्धा मिलिसेकंद ठेवावा. दुसरा उलटा: कॅडमधून टॅपेटची कडा तुकड्यातुकड्यांची रेषा म्हणून आणली तर प्रत्येक कोपरा मॉडेलला ठोका वाटतो, आणि चांगलं टॅपेटही वाईट ठरतं. मॉडेलला थेट सूत्र द्यावं. मोजलेल्या टॅपेटसाठी मोजलेले बिंदू द्यावेत. तिसरा डॅम्पिंगचा, म्हणजे कंपन शोषण्याचा. आलेख ‘शांत’ दिसावा म्हणून ते वाढवत नेलं की सगळीच टॅपेटं सारखी दिसतात. आधी ते जवळपास शून्य ठेवून रोलर सुटतो का एवढंच बघावं.

मॉडेल खरं बोलतंय का याची कसोटी सोपी आहे. वाईट टॅपेट घालून ते १४०, १६० आणि १८० ला चालवावं. मागावर जिथे आवाज सुरू होतो तिथेच मॉडेलमध्ये संपर्क सुटायला हवा. ते जमल्याशिवाय नव्या टॅपेटचा आलेख कुणालाही दाखवू नये.

कापणं आणि तपासणं

माल करडं बीड, आयएस २१० मधला एफजी २६०. त्यातल्या ग्राफाइटमुळे घर्षण सुसह्य राहतं आणि बीड आवाजही खातं. झीज रोलरकडे जावी, टॅपेटकडे नाही. रोलर बदलायला सोपा. दोन्ही टॅपेटं एकाच मँड्रेलवर (बोअरमध्ये घालायच्या दांड्यावर), एकाच सेटिंगमध्ये कापावीत, म्हणजे १८० अंश मशीनकडून मिळतात. प्रोग्रॅममध्ये बिंदू दर पाव अंशाला, १४४० बिंदू. बाहेरच्या त्रिज्येवर जीवेची चूक एका मायक्रॉनच्या पावभागाइतकी होते, पुढे मशीनची स्वतःची अचूकताच उरते. शेवटची पास ०.२ मिमीची, एका दमात, थांब्याच्या भागात शिरून तिथेच बाहेर पडणारी. कटर चढाईच्या अंगावर थांबला तर तिथे खूण उठते, आणि तीही छोटी लाटच.

तपासणीला टोकदार प्रोब नको. २५ मिमी त्रिज्येचा रोलरच गेजला लावावा, म्हणजे मोजमाप थेट रोलरच्या केंद्राचं येतं. दर ५ अंशाला तीन वेळा वाचन, सरासरी. मग एक्सेलमध्ये एक रकाना: मागचं वाचन, वजा दोनदा हे वाचन, अधिक पुढचं. या प्रोफाइलमध्ये ही संख्या जास्तीत जास्त ०.५० मिमी यायला हवी आणि सावकाश बदलायला हवी. वर-खाली ०.१ ची लाट असेल तर या रकान्यात ०.४ ची उडी दिसते. साध्या वाचनात जी चूक डोळ्यांआड होते ती इथे चारपट होऊन समोर येते. स्वीकाराची अट दुहेरी ठेवावी: कुठेही एकूण फरक ०.१ पर्यंत चालेल, पण सूत्राच्या रकान्यापासून फरक ०.०८ च्या वर नको.

मे महिन्यात कारखान्यात ४२ अंश आणि मोजणी २५ अंशांच्या खोलीत झाली म्हणून माप चुकलं, असा वाद कधीकधी निघतो. बिडाच्या १०० मिमीला १७ अंशांचा फरक ०.०२ मिमीच्या आत राहतो आणि सगळीकडे सारखा पसरतो. त्याचा ठोक्याशी संबंध नाही.

मागावर चढवताना

रोलरची खीळ आधी बदलावी, टॅपेट नंतर. ट्रेडल हाताने बाजूला हलवून बघावं. रोलर डुलत असेल तर नवं टॅपेट महिन्यात काठावर खाल्लं जाईल. टॅपेटला पातळ निळा रंग लावून माग हाताने दोन फेरे फिरवावा. रंग पूर्ण २५ मिमी रुंदीवर उठला पाहिजे. मग हिल्ड्स बरोबरीत येतात तो क्षण क्रँकच्या ३३० अंशांवर आणून स्क्रू आवळावेत. पट्ट्याचा ताण त्याच जागी बघावा, शेड उघडी असताना नाही. हाताने माग आणखी एक फेरा फिरवत पट्ट्यावर बोट ठेवलं की तो कुठे सैल पडतो का ते लगेच कळतं. आता तो कुठेच पडू नये.

धागे तुटण्यावरून निकाल लावताना सोलापूरची हवा लक्षात घ्यावी. कोरड्या हवेत सुती धाग्याची ताकद घटते, आणि इथल्या उन्हाळ्यात टॅपेट कितीही चांगलं असलं तरी तुटी वाढतात. एप्रिलमध्ये टॅपेट बदलून फेब्रुवारीच्या वहीशी तुलना केली तर चांगलं टॅपेट नापास होईल; जुलैत बदललं तर वाईटही पास होईल. शेजारचा माग, तोच बीम-लॉट (ताण्याची तीच खेप), तीच पाळी, टॅपेट जुनं, अशी जोडी लावून दोन्हींच्या तुटी एकाच आठवड्यात मोजाव्यात. आणि १८० पिकला दहा मिनिटं चालवून ट्रेडलच्या खिळीवर तळहात ठेवावा. स्प्लाइनवरून कापलेल्या टॅपेटला तिथे दर फेऱ्याला तीन-चार टोचण्या लागतात.